असोदा वेशीपाशी संपतो काय?

एक मत सध्या खानदेशात फार सुखाने नांदते आहे. गावाची संस्कृती गावातच खरी, असे ते मत. गाव सोडून पुण्याला, सुरतेला किंवा न्यू जर्सीला गेलेला माणूस तिथे जे भरीत करतो, कानबाई देवीच्या सणाचा जो रोट करतो, बोलीतले जे चार शब्द मुलांना शिकवतो, ते सारे सोंग. फार तर आठवणींचे प्रदर्शन. जळगावजवळच्या असोद्याच्या पारावर हे मत ऐकू येते, जळगावच्या परिसंवादांत ऐकू येते, आणि दिवाळी अंकांतल्या ‘गावाकडच्या’ लेखांना तर त्याच्यावाचून शेवटच सापडत नाही. बोलणारी माणसे भली आहेत, गावावर त्यांचा जीव आहे. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे भाग आहे. ज्याला गावाचे सोयरसुतक नाही त्याच्याशी कोण कशाला भांडेल?

शास्त्रार्थाची जुनी रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडावा, आणि प्रतिपक्षानेही मान डोलवावी असा मांडावा. तसाच मांडतो.

पूर्वपक्ष म्हणतो: संस्कृती मातीतून येते. भरताचेच घ्या. हिरवट-पांढरे, हातात न मावणारे, पातळ सालीचे आणि कमी बियांचे वांगे तापीकाठच्या या पट्ट्यात पिकते. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले; म्हणजे हे फळ या भूमीचे आहे, अशी मोहर खुद्द सरकारने उमटवली. ते वांगे पऱ्हाट्यांच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजायचे, लाकडी बडगीत मुसळीने ठेचायचे, त्यात मिरची-लसणाचा ठेचा, कांद्याची पात, शेंगदाणे घालायचे आणि शेतात पंगत मांडून कळण्याच्या भाकरीशी खायचे. यातले शिकागोत काय आहे? वांगे नाही, पऱ्हाटी नाही, शेत नाही. उरते काय? नाव. दुसरे असे की बाहेरचा माणूस ही संस्कृती रोज जगत नाही, वर्षातून दोनदा ती अंगावर चढवतो. मंडळाच्या सभागृहात नऊवारी नेसली, फोटो काढले, घडी करून पेटीत ठेवली. आणि तिसरे, सर्वांत बिनतोड: बोली गेली की मागे राहते ते टरफल. ज्या नातवाला आजीचे बोलणे कळत नाही त्याच्या ताटात भाकरी वाढली म्हणून तो खानदेशी होतो काय?

इतका हा पक्ष भक्कम आहे. त्यातले पहिले अंग घेऊ.

असोद्याच्या वांग्याचे भरीत असोद्यातच उत्तम होते, हे मी शंभर वेळा मान्य करीन. बाहेरच्या बाजारातले काळे-जांभळे वांगे भाजल्यावर पाणी सोडते, बिया दाताखाली येतात, चव बसत नाही. परंतु यातून सिद्ध काय झाले? वांगे चांगले आहे, एवढेच. 1999 च्या कायद्याने मिळणारे भौगोलिक मानांकन व्यापारातल्या मालाच्या नावाला संरक्षण देते. खाणाऱ्याच्या कुळाचा दाखला ते देत नाही. वस्तूचा गुण आणि कृतीचा वारसा या दोन गोष्टी पूर्वपक्ष एकाच दोरीने बांधतो. वांगे जमिनीचे आहे. पण ते जाळावर कितपत करपू द्यावे, गरम असतानाच का ठेचावे, ठेचा कधी घालावा, कच्चा कांदा शेजारी का हवा, ही अक्कल हातात असते, आणि हात प्रवास करतात.

आता खरी कसोटी लावू. मातीतले तेवढेच अस्सल म्हणायचे, तर त्या भरतातली मिरची कुठली? शेंगदाणा कुठला? दोन्ही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले. पोर्तुगिजांची जहाजे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागल्यानंतरच्या काळात ती इकडे आली. त्याआधी खानदेशात लाल किंवा हिरव्या मिरचीचा ठेचा नव्हता, शेवभाजीचा तो जाळ नव्हता. ज्या जिल्ह्याला केळीचा जिल्हा म्हणून मिरवायला आवडते, त्या जिल्ह्यात रावेर-यावलच्या बागांतून आज डोलते ती बहुतांशी ग्रँड नैन, ऊतिसंवर्धित रोपांतून वाढलेली, ठिबकवर पोसलेली. हे तंत्र इथे रुजवले ते जळगावच्याच जैन इरिगेशनने, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. बाहेरची जात, बाहेरचे तंत्र. तरी केळी आपलीच! मग बाहेरच्या वांग्याचे भरीत तेवढे परके कसे? पूर्वपक्षाने दोहोंपैकी एक निवडावे. मातीची कसोटी सर्वांना लावायची असेल तर असोद्याच्या पंगतीतून मिरची उठवा. तो अतिप्रसंग नको असेल तर कसोटी मागे घ्या.

आणि माती-माती म्हणणाऱ्यांनी थोडे मागेही वळून पाहावे. असोद्यात ज्यांची वस्ती मोठी, त्या लेवा पाटीदार समाजाची परंपराच सांगते की पूर्वज गुजरातेतून, पावागडाच्या बाजूने आले. ही परंपरा इतिहासाच्या कसाला किती उतरते हा वेगळा विषय. समाज आपल्याविषयी काय सांगतो ते इथे महत्त्वाचे. आपण आलेले आहोत, असे जो समाज स्वतः सांगतो, त्याने जाणाऱ्याला हिणवावे हा वदतोव्याघात नव्हे काय? खानदेश हा प्रांतच वाटेवरचा. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर, सुरतेचा व्यापार, माळव्याचा रस्ता. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खानदेशीला भिल्ली बोलींच्या गटात बसवले आणि गुजरातीशी असलेले तिचे साम्य नोंदवले. त्या वर्गीकरणावर अभ्यासकांत वाद झाला, अजून आहे. पण बोलीत इतके रस्ते मिसळले आहेत की तिचे घर ठरवताना पंडितांचीही तारांबळ उडावी, ही गोष्ट निर्विवाद. कोंडून ठेवलेली संस्कृती अशी दिसत नाही.

दुसरे अंग: रोज नाही, वर्षातून दोनदा. हा आक्षेप ऐकायला चुरचुरीत आहे आणि विचाराने पोकळ. नित्य आणि नैमित्तिक हा भेद आपल्या परंपरेत हजारो वर्षे आहे. कानबाई असोद्यात तरी रोज बसते काय? नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी विसर्जन होते. चंपाषष्ठीचे भरीत-रोडगे वर्षातून एकदाच. भरीत पार्ट्या थंडीच्या. गावात जे नैमित्तिक आहे ते बाहेरही नैमित्तिकच राहणार. त्याला गावात सण म्हणायचे आणि बाहेर सोंग, हा न्याय कुठला?

सुरतेकडे पाहा. सुरतेहून नंदुरबार-अमळनेरच्या वाटेने जळगावकडे येणारा ताप्ती व्हॅलीचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाला, आणि पुढे जमीन पुरेनाशी झाली, पाऊस हुकू लागला, तसतशी खानदेशातली माणसे त्याच मार्गाने माग, रंगाई आणि हिऱ्यांच्या कामाला गेली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज खानदेशी घरांची गणती करणे अवघड. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील 2009 पासून नवसारीचे खासदार आहेत, यावरून ही वस्ती किती मुरली हे कळावे. आणि त्या सुरतेत श्रावणात कानबाई बसते. मागावर बारा तासांची पाळी करणारा माणूस रोटाचे गहू निवडून घेतो, लहानशा खोलीत चौरंग मांडतो, रात्र जागवतो, दुसऱ्या दिवशी वाजत-गाजत विसर्जनाला जातो. कोणासाठी? गुजराती शेजाऱ्याला दाखवण्यासाठी? रोट तर भाऊबंदांनीच खायचा. बाहेर वाटायची त्याची रीतच नाही. ज्या सणाचा प्रसाद परक्याला द्यायचा नसतो, तो देखाव्यासाठी होतो म्हणणे हे निरीक्षण नाही. तो निव्वळ तर्कदोष आहे.

नित्याचेही बोलू, कारण खरी गंमत तिथे आहे. असोद्यात कळण्याची भाकरी खाणे ही सवय. ज्वारी घरची, उडीद घरचे, गिरणी कोपऱ्यावर, भाकरी थापणारी आई चुलीपाशी. यात खाणाऱ्याचे कर्तृत्व काय? बाहेर मात्र तीच भाकरी हा निर्णय असतो. ज्वारीचे ताजे पीठ शोधावे लागते, जुने मिळाले तर भाकरीला चिरा पडतात, उकळत्या पाण्याने ते मळावे लागते, धुराची घंटा वाजू नये म्हणून खिडकी उघडून तवा तापवावा लागतो. सामानाच्या पेटीत वजनाचा काटा राखून बिबडे, कुरडया आणि काळा मसाला कोंबणारी बाई कपड्यांचा एक जोड मागे ठेवते. सवय आणि निर्णय यांत निष्ठेचे माप कशात जास्त? उत्तर वाचकांनी द्यावे.

उलट गावातच पाहू. जाते कुठे आहे? ज्या जात्यावर खानदेशातल्या बाया ओव्या रचत होत्या ते आता अंगणात उपडे पडलेले किंवा हॉटेलच्या दारात शोभेला मांडलेले. बडगीच्या जागी मिक्सर आला. खापरावरचे मांडे करणारी बाई लग्नात ‘काउंटर’वर उभी केली जाते आणि वऱ्हाडी मोबाइल काढून तिच्याभोवती गर्दी करतात. भुलाबाईची गाणी जळगावातच स्पर्धेच्या मंचावर आली, परीक्षक बसले, क्रमांक लागले. मी याची तक्रार करीत नाही. स्पर्धेमुळे गाणी मुलींच्या तोंडी राहिली तर चांगलेच. पण प्रदर्शन हा दोष असेल तर तो न्यू जर्सीइतकाच जळगावात आहे, आणि एकाच दोषाला दोन शिक्षा देता येत नाहीत.

विक्रीविषयी आक्षेप आहे, तो दोन वाक्यांत निकालात काढतो. पुण्यात खानदेशी थाळी विकली जाते, बाटलीबंद ठेचा मिळतो, म्हणून संस्कृती बाजारू झाली म्हणतात. मग बचत गटाच्या बायकांनी बिबडे वाळवून विकणे बंद करावे काय? जे विकले जाते ते करायला कोणीतरी शिकत असते.

आता तिसरे अंग, बोलीचे. इथे मी सावध आहे, कारण इथे पूर्वपक्षाजवळ खरे दुःख आहे. बोली गेली तर मोठे नुकसान होते. हे मी कमी लेखणार नाही. पण “मागे राहते ते टरफल” हा निष्कर्ष पुराव्यावर टिकतो का, एवढेच पाहू.

मॉरिशसमध्ये 1834 नंतर करारबद्ध मजूर म्हणून हिंदी माणसे गेली, त्यांत कोकणातले मराठी होते. आज त्या घरांतून बोलली जाते ती बहुधा क्रिओल. पूर्वपक्षाच्या न्यायाने सारे संपायला हवे होते. प्रत्यक्षात काय झाले? गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. झाकरी नाचली जाते. शाळांतून मराठी शिकवली जाते. घरातली भाषा गेली, तरी भाषेची ओढ गेली नाही. ओढ होती म्हणून भाषा शाळेच्या दाराने परत आणावी लागली. दुसरा दाखला बेने इस्रायलींचा. कुलाबा जिल्ह्यातून, मुंबईतून हे मराठी ज्यू 1948 नंतर इस्रायलला गेले. तिथे त्यांची नवी पिढी हिब्रू बोलते. पण मंगल प्रसंगी मलिदा होतो: पोहे, खोबरे, साखर, फळे, आणि एलियाहू प्रेषिताचे स्तवन. धर्म ज्यू, देश इस्रायल, ताटात कोकणचे पोहे. शिवाय ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्या देशातून निघत आले. हे टरफल असेल, तर गर कशाला म्हणायचे ते पूर्वपक्षाने सांगावे.

आणि बोली टाकली कोणी, याचा हिशेबही एकदा होऊन जाऊ द्या. “काय करू राह्यला” असे म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसायचे, घरी पाहुणे आले की आजीला “जरा शुद्ध बोल” म्हणायचे, ही कामे शिकागोत झाली नाहीत. ती जळगावच्या दिवाणखान्यांत झाली, आणि तिकीट काढण्याच्या पुष्कळ आधी झाली. बाहेर गेलेल्याने जी बोली नेली नाही, ती त्याला दिलीच कोणी होती? बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली; तिला सरसकट अहिराणी म्हणून मोकळे होणारे भाषणबहाद्दर तर गावातच बसलेले आहेत. ही चूक बाहेरच्याने केली असती तर केवढा गहजब झाला असता!

बहिणाबाईंचे नाव आलेच आहे, तर या वादातल्या सर्वांत मोठ्या साक्षीदार त्याच. बहिणाबाई 1880 साली असोद्यात महाजनांच्या घरी जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला चौधरींच्या घरी गेल्या. 1951 मध्ये तिथेच वारल्या. म्हणजे असोदा त्यांना लाभला तो तेरा वर्षे. माहेरावरची, माहेरच्या वाटेवरची जी गाणी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, ती माहेरात बसून रचलेली नाहीत. ती सासरी रचली. असोदा मराठी कवितेत आला तो असोदा सुटलेल्या बाईच्या तोंडून. यावर पूर्वपक्ष म्हणेल, जळगाव कुठे आणि अमेरिका कुठे. तीच माती, तीच बोली, चालत जाता येईल असे गाव. मान्य. पण मग फरक अंतराच्या प्रमाणाचा झाला, जातीचा राहिला नाही. आणि किती मैलांवर अस्सलपणा संपतो तो दगड पूर्वपक्षाला रोवून दाखवावा लागेल. त्या काळच्या सासुरवाशिणीला ते एवढेसे अंतर किती लांब होते, हे विमानाने वर्षाआड गावी येणाऱ्याला विचारू नका. तिलाच विचारावे लागेल.

पुढची कथा तर याहून बोलकी. गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवली. आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक झाले. असोद्याची कविता आहे, हे महाराष्ट्राला कळले ते मुंबईच्या मार्गाने. गावाने ती जपली हे खरे. पण तिचे मोल जाहीर झाले ते गावाबाहेर. 2018 मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, तोवर ती गाणी साऱ्या मराठी मुलखात पाठ झाली होती.

ही एकट्या खानदेशाची रीत नाही. नेपाळ घ्या. नेपाळी भाषेचे आदिकवी म्हणून ज्यांना मान आहे ते भानुभक्त 1868 साली वारले. त्यांचे रामायण छापून लोकांपुढे आले ते 1887 मध्ये, काशीहून, तिथे शिकायला राहिलेल्या मोतीराम भट्टांच्या खटपटीने. दार्जिलिंगला नेपाळी साहित्य संमेलन 1924 साली स्थापन झाले. नेपाळच्या सरहद्दीबाहेर नेपाळी भाषा इतकी पोसली गेली की 1992 मध्ये ती आपल्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात दाखल झाली. त्यांच्या दशैंच्या सणात घरोघर जव उगवतात, ती जमरा वडीलधारी माणसे लहानांच्या डोक्यावर ठेवतात, कपाळी दही-तांदळाचा टिळा लावतात. आपल्या नवरात्रातल्या घटाच्या धानाची सख्खी बहीण. पुण्याच्या सोसायटीच्या दारावरचा नेपाळी रखवालदार त्या दिवशी कपाळी तो टिळा लावून कामावर उभा राहतो, तेव्हा आपल्यापैकी कोणी त्याला सोंगाड्या म्हणतो काय? म्हणत नाही. उलट कौतुक करतो: बघा, घर सोडले तरी रीत सोडली नाही. मग तेच कौतुक सुरतेच्या मागावरच्या आपल्या पोराच्या वाट्याला का येऊ नये? परक्याला जो न्याय, तो घरच्याला का नाही?

मला यामागचे कारण दिसते ते सांगतो, मग कोणाला झोंबले तरी चालेल. गेलेल्याला खोटे ठरवले की राहिलेल्याला काही न करता खरे ठरता येते. बडगी अडगळीत टाकली, जाते विकले, नातवाला इंग्रजी शाळेत घातले, पण राहतो असोद्यात. म्हणजे संस्कृतीचा सातबारा आपोआप नावावर! हा वारसाहक्क फार स्वस्त आहे. बाहेरही सोंगाडे आहेत, फोटोपुरती नऊवारी नेसणारे आहेत, यात शंका नाही. पण सोंगाड्यांची गणती करून परंपरेचा निकाल लावायचा तर कोणतेही गाव वाचणार नाही.

पुरावा वाचकांपुढे आहे. मातीची कसोटी मिरचीपाशी मोडली, नैमित्तिकाची कानबाईपाशी, आणि बोलीची मॉरिशस व इस्रायलमध्ये. पूर्वपक्षाजवळ याहून चौथे काही असेल तर त्याने ते जरूर मांडावे. तोवर माझी एकच विनंती. डिसेंबरात परगावाहून, परदेशातून नातवंडे आली की शेतातल्या भरीत पार्टीत त्यांना खुर्चीवर बसवून हातात ताट देऊ नका. त्यांना पऱ्हाट्या पेटवायला लावा, हात पोळले तरी वांगी सोलायला लावा, बडगी आणि मुसळी त्यांच्या पुढ्यात ठेवा, आणि हे सारे त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलत करा. ती परत जातील आणि तिकडच्या गॅसवर तिकडचे वांगे भाजतील. एवढे तुम्ही केले नसेल, तर त्या भरताला खोटे म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. आणि केले असेल, तर म्हणण्याची वेळच येणार नाही.